दिवा लुकलुकत असेल तर चाळकेवाडीच्या पुढे गाडी घालू नका

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून पाटणला उतरायचं, एवढाच बेत होता. सातारा, सज्जनगड फाटा, ठोसेघर, चाळकेवाडी, तिथून पवनचक्क्यांच्या रांगा धरून दक्षिणेला वनकुसवड्याच्या अंगाने पाटण, आणि मुक्काम कोयनानगरला. सकाळी साडेनऊला चाळकेवाडी सोडली. पाटणला चहा प्यायलो तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. त्यातले साडेचार तास तीनशे मीटरात गेले.

गाडी २००५ची पजेरो एसएफएक्स. फोर एम फोर्टी इंजिन, २.८ लिटर डिझेल, सुपर सिलेक्ट फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे ताकद चारही चाकांना द्यायची की फक्त मागच्या दोन, हे लिव्हरने निवडता येतं. माझ्याकडे ती सहा वर्षं आहे. ज्यांच्याकडे जुनी सफारी, स्कॉर्पिओ किंवा जिप्सी आहे त्यांनीही पुढचं वाचावं, कारण गाडी वेगळी असली तरी फसवणूक सारखीच असते. चिखलात गाडी चालवता येते, जॅक लावता येतो, चाक बदलता येतं, हे धरूनच लिहितोय. ते येत नसेल त्यांनी ठोसेघरचा धबधबा बघून परत फिरावं.

सुरुवात गॅरेजपासून करतो, कारण घोळ तिथेच झाला. पजेरोच्या डॅशबोर्डवर चार चाकांचं छोटं चित्र असतं. फोर-एच, म्हणजे चारही चाकांना ताकद, टाकलं की पुढच्या दोन चाकांचे दिवे आधी लुकलुकतात आणि मग स्थिर होतात. माझे स्थिर होतच नव्हते. निघायच्या आधी पंधरा दिवस गाडी एका गॅरेजला दाखवली. नाव लिहीत नाही. तिथे सांगितलं, "सेन्सर गेलाय साहेब, फोर बाय फोर ओके आहे." सेन्सरचे आणि मजुरीचे मिळून ८,५०० रुपये घेतले. गाडी घरी आणली, दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. फोन केला तर म्हणे, "जुनी गाडी आहे, चालवत राहा, आपोआप सेट होईल." मी ऐकलं. तीन दिवसांची सुट्टी मिळाली होती आणि मला निघायचं होतं.

चाळकेवाडीपर्यंत सगळं सोपं आहे. सज्जनगड फाट्यानंतरचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये निवांत होतो. सुट्टीच्या दिवशी ठोसेघरला गाड्या वेड्यावाकड्या लावलेल्या असतात, तेवढं सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही. वर पोचल्यावर एका टपरीवर विचारलं, पुढे पाटणला गाडी जाते का. टपरीवाला म्हणाला, "रस्ता झालाय की, अल्टोबी जातीया." झालेला रस्ता पवनचक्क्यांच्या मेन्टेनन्सपुरता आहे. डांबर संपल्यावर मुरूम, मुरूम संपल्यावर जांभ्याचा कातळ, आणि मग कातळामधल्या खोलगट जागांत साठलेली तांबडी माती. उन्हाळ्यात तिथून कदाचित अल्टोही जात असेल. आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. वर धुकं होतं आणि मधूनमधून सर येऊन जात होती.

माझ्या ट्रिप मीटरवर त्या टपरीपासून साधारण साडेचार किलोमीटरवर रस्ता डावीकडे वळून एका घळीत उतरतो. तिथे जड ट्रकनी आणि क्रेननी दोन खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. मधला उंचवटा एवढा की पजेरोचा पोटपत्रा घासतो. चाकोरीच्या तळाशी जांभा आहे, पण त्यावर वीतभर लोण्यासारखा चिखल. मी थांबलो, उतरलो, काठी घालून खोली बघितली. इतपत बरोबर केलं. फोर-एच-एल-सी टाकलं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल लॉक. दिवा लुकलुकतच होता. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घातली. वीस मीटर गेली, मागची चाकं फिरायला लागली, आणि गाडी तिरकी होऊन डाव्या चाकोरीत बसली.

मग फोर-एल-एल-सी, म्हणजे तेच लॉक लो गिअरमध्ये. काही नाही. टायरमधली हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली. जरा हलली, पुन्हा बसली. मेहुण्याने आणि मी दगड घातले, फांद्या घातल्या, पायातल्या मॅट घातल्या. मॅट मागे फेकल्या गेल्या, त्यातली एक अजून तिथेच असेल. दोन तास असे गेले. मी आत बसून ॲक्सिलरेटर देत होतो, मेहुणा मागून ढकलत होता. पुढे उभं राहून चाकांकडे बघावं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ते बघितलं म्हशी घेऊन आलेल्या एका मामांनी. पाच मिनिटं छत्री धरून उभे राहिले आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमची म्होरची चाकं फिरतच न्हाईत. मागचीच फिरत्यात."

त्या एका वाक्यात आठ हजार पाचशेचा हिशोब लागला. या गाडीत पुढच्या ॲक्सलची एक बाजू टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालताना, मोकळी सोडलेली असते, पुढचे भाग उगाच फिरू नयेत म्हणून. फोर-एच टाकलं की व्हॅक्युमवर चालणारा एक ॲक्च्युएटर, म्हणजे दांडा सरकवणारा डबा, ती बाजू जोडतो. जोडली गेली की दिवा स्थिर होतो. नाही जोडली तर दिवा लुकलुकत राहतो, पुढे गेलेली ताकद त्या मोकळ्या बाजूला फुकट फिरते आणि तुम्ही दोन टनांची मागच्या चाकांवरची गाडी चिखलात घेऊन उभे असता. दिवा खोटं बोलत नव्हता. म्हणून साफ सांगतो: दिवा लुकलुकतो म्हणजे पुढची चाकं मोकळी आहेत असंच धरा. सेन्सर खराब असूही शकतो, पण ते सगळ्यात शेवटी तपासायचं.

बाहेर कसे निघालो तेही सांगतो, कारण तिथेही कापले गेलो. मामांनी कुठूनतरी निरोप धाडला आणि पुढच्या कामावरचा जेसीबी आला. ड्रायव्हरने सहा हजार मागितले, साडेचार हजारांवर तुटलं. काम बारा मिनिटांचं. वायर रोप त्याने पुढच्या ज्या कडीला लावली ती गाडी ट्रकवर चढवताना बांधायची कडी होती, ओढायची नव्हे. ती वाकली. माझ्याकडे शॅकल (दोर अडकवायची कडी) आणि ओढायचा पट्टा दोन्ही होतं, पण साडेचार तासांनंतर तोंडातून शब्द फुटत नव्हता. तुम्ही असं करू नका. दर आधी ठरवा, पट्टा स्वतः लावा, आणि ओढताना सगळ्यांना दोराच्या लांबीएवढं तरी लांब उभं करा. वायर तुटली तर पाय जातो. मामांनी एक पैसा घेतला नाही, चहाचा थर्मास मात्र संपवला.

कोयनानगरचा दुसरा दिवस छान गेला. धरण लांबून बघितलं, जेवलो, झोपलो. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

घरी आल्यावर गॅरेजला फोन केला नाही. स्वतः गाडीखाली गेलो. ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी क्रम देतो. बॉनेटखाली आतल्या पत्र्याला दोन व्हॅक्युम सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारे-मिटणारे व्हॉल्व्ह, शेजारी-शेजारी बसवलेले असतात. त्यातून निघणारे बारीक रबरी पाइप खाली पुढच्या डिफरन्शियलजवळच्या ॲक्च्युएटरला जातात, दोन पाइप, एक जोडायला आणि एक सोडायला. काढण्याआधी रंगीत टेप लावून खूण करा. उलटे बसले तर सगळंच उलटं चालेल. आधी पाइप बोटाने वाकवून बघा. वीस वर्षांचं रबर इंजिनाच्या उष्णतेने कडक होतं आणि नेमकं टोकाला, जिथे तो निपलवर चढतो तिथे, केसाएवढी चीर पडते. माझ्या गाडीत दोन ठिकाणी चिरा होत्या. व्हॅक्युम तिथूनच जात होता. पाइप ठीक असेल तर ॲक्च्युएटरच्या निपलला हाताचा व्हॅक्युम पंप लावा, दांडा सरकतो का आणि सरकून तिथेच टिकतो का बघा. टिकत नसेल तर आतला पडदा फाटलाय. तोही ठीक असेल तर सोलेनॉइड, मग वायरिंग, आणि मग सेन्सर. गॅरेजने शेवटापासून सुरुवात केली, कारण सेन्सरचं बिल होतं, पाइपचं होत नाही.

दीड मीटर सिलिकॉनचा व्हॅक्युम पाइप साताऱ्यातच १८० रुपयांना मिळाला. अर्धा तास लागला. फोर-एच टाकलं, दिवा तीनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. मी गाडीतच बसून राहिलो, टू-एच, फोर-एच, पुन्हा टू-एच, असं दहा वेळा केलं.

दिव्यावर विसंबायचं नसेल त्यांच्यासाठी रस्त्यावरची खात्री: मोकळ्या मातीच्या किंवा खडीच्या मैदानावर फोर-एच-एल-सी टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि हळूहळू गोल फिरा. पुढची चाकं खरंच जोडलेली असतील तर गाडी अडखळते, स्टिअरिंग ओढ घेतं, चाक माती खरवडतं. लोण्यासारखी वळली तर ती जोडलेली नाहीत. हे कोरड्या डांबरावर करू नका, सगळा ताण गिअर आणि क्रॉसवर (प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांवर) येतो. साधं फोर-एच डांबरावर चालतं, कारण तेव्हा मधला डिफरन्शियल मोकळा असतो. जुन्या सफारीत किंवा स्कॉर्पिओत तसं नाही, तिथे फोर-एच फक्त निसरड्यावर.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. तीच घळ, रात्री पाऊस झालेला, चाकोऱ्या उलट जास्त खोल. हवा २० पीएसआय, फोर-एच-एल-सी, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय स्थिर. मेहुणा पुढे उभा राहून ओरडत होता, "फिरतायत, फिरतायत!" पलीकडे निघायला चार मिनिटंही लागली नाहीत. वर चढून मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि त्या घळीकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. हा आनंद ज्याला हवा आहे त्याने जावंच.

जाणाऱ्यांनी दिव्यानंतर दुसरी काळजी घ्यायची ती पाण्याची. फोर एम फोर्टीला टायमिंग चेन आहे, बेल्ट तुटायची भीती नाही, पण हे इंजिन तापलं की हेडला तडा जातो आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या अंगावर येतो. रेडिएटर आतून-बाहेरून साफ, व्हिस्कस फॅन थंड असताना हाताने फिरवून बघितलेला, रबरी पाइप दाबून बघितलेले, कूलंट ताजं. काटा मधल्या रेषेच्या वर गेला की थांबा. लो गिअरमध्ये चिखलात झगडताना हवा लागत नाही आणि काटा दोन मिनिटांत चढतो.

बदल करण्याबद्दल मला विचारतात म्हणून सांगतो. पुढची उंची वाढवायला टॉर्शन बारचा (पुढच्या सस्पेन्शनमधल्या पिळाच्या दांड्याचा) बोल्ट आवळून घेऊ नका. मी माझ्या पहिल्या वर्षी दोन इंच उचलून घेतली होती. त्या वर्षात सीव्ही जॉइंटचे (पुढच्या ॲक्सलच्या सांध्यांचे) रबरी बूट दोनदा फाटले, बॉल जॉइंट खडखडायला लागले, आणि खड्ड्यात चाक खाली जायला जागाच उरली नाही, त्यामुळे चाक हवेत राहायचं. पुन्हा मूळ उंचीवर आणली तेव्हा गाडी सुधारली. पैसे घालायचेच असतील तर मूळ मापाचे चांगले ऑल टेरेन टायर, मागे नवे शॉक, नवे बुश, एक छोटा कॉम्प्रेसर आणि चेसिसला धरलेला पुढचा ओढायचा हुक. स्नॉर्कलची (इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणाऱ्या नळीची) या भागात गरज नाही. छतावरचा लोखंडी कॅरेज काढून टाका, तिरप्या उतारावर तो वरचा भार जाणवतो. बुलबार (पुढचं लोखंडी गार्ड) आणि चेसिसची कापाकापी तर अजिबात नको: गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे, २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर बोट ठेवलंय, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करताना गाडी आरटीओत उभी करावीच लागते. मूळ रूपातली जुनी गाडी तिथून सरळ बाहेर येते.

पठारावर चाकोरी खराब आहे म्हणून शेजारच्या गवतातून गाडी काढू नका. कासला जी फुलं बघायला लोक तिकीट काढतात तसलीच या सड्यावरच्या बोटभर मातीत उगवतात. तिथे टायर फिरला की खाली कातळ उघडा पडतो आणि तो वण वर्षानुवर्षं राहतो. घळ जमणार नसेल तर मागे फिरा.

पाटणकडचा उतार लांब आहे. वरूनच कमी गिअर घ्या, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत उतरलात तर अर्ध्यात वास येतो. खाली पोचल्यावर हवा आधी भरा, २० पीएसआयवर कऱ्हाडपर्यंत पळवू नका. घरी आल्यावर बॉडी धुवायच्या आधी खालून धुवा, ती तांबडी माती सुकली की सिमेंट होते. क्रॉसना ग्रीस मारा. दुसऱ्या दिवशी दोन्ही डिफरन्शियलचे वरचे बोल्ट उघडून ऑइल बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, त्याच दिवशी बदला, आणि ब्रीदरचा (डिफरन्शियलमधली हवा बाहेर सोडणारा) पाइपही बघा. माझ्या पुढच्या डिफरन्शियलचा ब्रीदर चिखलाने बुजला होता, तो उद्या वर बॉनेटपर्यंत नेतोय. पाइप उरलाय, त्यातला अर्धा मीटर पुरेल.