गाजरगवत विरुद्ध मारवेल: माळावरचा दुसरा पावसाळा

जून, तिसरा आठवडा

सासवडजवळचा आमचा पाच गुंठ्यांचा माळ गेल्या सप्टेंबरात मी एकट्याने गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत नावाचं तण, उपटून साफ केला होता. फोटोत माळ नुकताच न्हाव्याकडून आल्यासारखा दिसतो. यंदा पहिला पाऊस होऊन बारा दिवस झाले आणि पाय ठेवायला जागा नाही. फूटभर चौरसाची चौकट टाकून मोजलं: गाजरगवताची 64 रोपं, मारवेल या चाऱ्याच्या गवताचा एक ठोंब, कुसळी गवताची दोन पाती.

चूक माझीच. उपटली तेव्हा झाडं फुलावर होती. एका झाडाला दहा-पंधरा हजार बी सहज धरतं आणि मी ती झाडं बांधाकडेने खड्ड्यापर्यंत फरफटत नेली. तो पट्टा यंदा सगळ्यात दाट आहे. म्हणजे पेरणीही मीच केली, तीही ओळीत.

शेजारचे आण्णा म्हणाले, "उपाटलं त्ये बराबर हाय, पर त्या जागी लावलं काय तुमी? माती उघडी ठिवली की ह्येच येतंय."

जुलै

हातमोजे, पूर्ण बाह्या. गेल्या वर्षी कोपराला उठलेली खाज पंधरा दिवस गेली नव्हती.

उपटताना एक गोष्ट नीट पाहिली. कोवळेपणी गाजरगवताची पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरतात. एक पान उचललं तर खाली पवन्या गवताचा कोंब, बोटभर लांब, पार पिवळा. वरचं खोड वाढायच्या आधीच खालचा कोंब उन्हावाचून मेलेला असतो. शिवाय गुरं याला तोंड लावत नाहीत, चुकून खाल्लंच तर दुधाला कडवट वास येतो. म्हणजे चांगलं गवत चरून संपतं आणि हे तसंच उभं राहतं. माळ नासतो तो असा.

घरी एक छोटा प्रयोग केला. सुकलेली पानं मूठभर, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळली. ओल्या फडक्यावर ज्वारीचे वीस-वीस दाणे ठेवले. साध्या पाण्यात 18 रुजले, काढ्यात 11. आणि त्या अकरांची मुळं निम्म्या लांबीची, टोकाला तपकिरी. पार्थेनिन नावाचं द्रव्य या झाडात असतं, त्याचा हा प्रताप. पण फडकं म्हणजे शेत नव्हे. काढा दाट होता आणि मातीतले जीवाणू हे द्रव्य हळूहळू मोडतात. त्यामुळे शेतातलं सगळं नुकसान या विषाच्या नावावर टाकायला मी तयार नाही. ऊन, पाणी आणि जागा हिसकावणं हेही तितकंच मोठं कारण असावं.

मोकळ्या झालेल्या अर्ध्या तुकड्यात मारवेलाचे ठोंब लावले, हातभर अंतरावर. उरलेल्यात टाकळा या रानभाजीचं बी फेकलं, एक कोपरा मात्र नुसता उपटून तसाच सोडला.

ऑगस्ट

भुंगे आले! पिवळसर पाठीवर गडद नागमोडी रेघा, आकार मसुराच्या डाळीएवढा. गाजरगवत खाऊन संपवावं म्हणून मेक्सिकोतून आणून 1984 साली बंगळूरला सोडले होते, त्यांचाच हा गोतावळा. एका झाडावर मोजले तर 23, शिवाय अळ्या वेगळ्या. आठवड्यात त्या झाडाच्या नुसत्या काड्या उरल्या. मात्र ते जोर धरेपर्यंत पहिली पिढी फुलून गेलेली असते. भुंग्यांच्या भरवशावर खुरपं खाली ठेवता येत नाही.

हे तण आपल्या देशात पहिल्यांदा ठळकपणे नजरेत भरलं ते पुण्यातच, 1955 साली. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर आलं असं सांगतात. पुणेकरांनी याचाही अभिमान बाळगायला हरकत नाही.

ऑक्टोबर

चौकट पुन्हा टाकली. मारवेलाच्या भागात गाजरगवत 7, टाकळ्यात 4, आणि नुसतं उपटून सोडलेल्या कोपऱ्यात 41.

आकड्यांवर टाकळा जिंकला. जुलैत दोनदा भाजीही झाली. पण हिरवा टाकळा गुरं खात नाहीत, म्हणजे चराऊ माळासाठी एक नकोसं काढून दुसरं बसवल्यासारखं. बांधाला आणि रस्त्याकडेला टाकळा ठीक, माळावर मारवेलच. आण्णांनी पहिली कापणी विळ्याने केली, दोन भारे निघाले, त्यांच्या म्हशीने मागे काही ठेवलं नाही.

जमिनीत जुनं बी अजून भरपूर आहे, ते काही वर्षं उगवत राहणार. मारवेलाचे नवे ठोंब रिकाम्या कोपऱ्यात पुढच्या जूनमध्ये. तोवर तिथे कुळव घालायचा नाही, कारण भुंगे आता मातीत शिरून झोपायच्या तयारीत आहेत.