"बाई, भाषण लिहून द्या"

'शो अँड टेल'साठी, म्हणजे वर्गात काहीतरी दाखवून त्यावर बोलण्यासाठी, मुलाची तयारी कशी करून घ्यायची, असं तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. मालवणच्या बाजारात, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला हमखास येतो. "बाई, पोराच्या शाळेत 'शो अँड टेल' आहे. पाळीव प्राण्यावर बोलायचंय. दोन मिनिटांचं काहीतरी लिहून द्या ना, मी पाठ करून घेते." माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली, त्यामुळे विचारणाऱ्यांचा माझ्यावर हक्कच आहे. ४ ऑक्टोबरचा जागतिक प्राणी दिन जवळ आला की विचारणारेही वाढतात.

मी लिहून देत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातात भाषण दिलं, की ते वर्गात उभं राहून "कुत्रा हा इमानी प्राणी आहे" म्हणतं आणि पुढचं वाक्य आढ्याला शोधत बसतं. त्याच्या अंगणातला कुत्रा त्या भाषणात कुठेच नसतो. त्याच्या आधीच्या मुलानेही तेच वाक्य म्हटलेलं असतं, नंतरचाही तेच म्हणणार असतो. आपण जे पाहिलंय ते दुसऱ्यांना दाखवावं, म्हणून तर हा तास ठेवलेला असतो. मग तयारीही पाहण्यापासूनच व्हायला हवी.

संध्याकाळी मुलाला घेऊन त्या प्राण्यापाशी बसा. सांगू नका, विचारा. आणि विचारताना "तुझी मांजर कशी आहे?" असं विचारू नका, त्याला "छान" याखेरीज उत्तर येत नाही. "हिच्या पुढच्या पायाला बोटं किती?" असं विचारा. मूल लगेच मोजायला बसतं. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. मोजलेलं पाठ करावं लागत नाही, ते मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं.

आमच्या वाडीतल्या एका मुलीचं सांगते. घरी कन्याळ शेळी. ही आपल्या सिंधुदुर्गाचीच जात, काळ्या तोंडावर दोन्ही बाजूंनी उतरलेले पांढरे पट्टे, लांब कान. आईने माझ्याकडे पाठवली होती ती भाषण आणायला. मी तिला म्हटलं, चल, तुमच्या गोठ्यात जाऊ. फणसाची पानं हातात दिली आणि म्हटलं, खायला घाल आणि तिच्या तोंडाकडे बघत राहा. पोरगी बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, हिच्या डोळ्यातली काळी रेघ आडवी आसा. आमच्या मांजराची उभी आसता."

एवढं तिने स्वतः पाहिलं होतं, तेव्हा त्यापुढचं सांगायला मला जागा मिळाली. शेळीला धोका कुठूनही येऊ शकतो, म्हणून तिला दोन्ही बाजूंचं आणि बरंचसं मागचंही दिसावं लागतं. त्या आडव्या रेघेमुळे, म्हणजे डोळ्याच्या बाहुलीमुळे, तिला जमिनीलगतचा लांब पट्टा नजरेत ठेवता येतो. चरायला मान खाली घातली की खरं तर ती रेघ उभी व्हायला हवी, पण होत नाही. डोळाच खोबणीत फिरतो आणि रेघ जमिनीला समांतर राहते. मी हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. तिने पानं आधी वर धरली, मग जमिनीवर ठेवली, स्वतः पालथी पडून बघितलं, पुन्हा वर धरली. शेळी मजेत खात होती. मग तिने पुठ्ठ्यावर शेळीचं तोंड काढलं, डोळ्याच्या जागी भोक पाडलं आणि मागून रेघ काढलेली चकती बोटाने फिरवायची सोय केली. मला एवढंच करावं लागलं की कात्री धरली. वर्गात ती म्हणाली, "माझी शेळी मान खाली घालून खाता तरी तिका वाघ येताना दिसता." आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. त्या वाक्यासाठी मी नोकरीतली कितीतरी वर्षं द्यायला तयार आहे.

कोंबडी असेल तर आणखी सोपं. कोंबडीला दात नसतात. ती बारीक खडे गिळते आणि पोटातल्या जाड, स्नायूंच्या पिशवीत त्या खड्यांनी दाणे भरडले जातात. मुलाने अंगणातले तसले चार खडे काडेपेटीत घालून न्यावेत आणि "हे माझ्या कोंबडीचे दात" म्हणून दाखवावेत. सगळा वर्ग पुढे सरकतो. कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली असेल तर अंडी ठेवल्याच्या दिवसापासून कॅलेंडरवर खुणा करायला लावा, साधारण २१ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. मधे एकदा, आठवडाभराने, रात्री काळोखात मोठ्या माणसाने एक अंडं क्षणभर उचलून टॉर्चवर धरावं. आत लाल शिरांचं जाळं दिसतं. मग अंडं लगेच जागच्या जागी. मुलाने स्वतः खुराड्यात हात घालायचा नाही, खुडूक कोंबडी चोच मारते. आणि कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, हे कुठल्याही भाषणाआधी शिकवा.

प्राणी शाळेत न्यायचा का? शक्यतो नको. चाळीस मुलांचा गलका, अनोळखी जागा; बिचारा प्राणी घाबरतो, आणि घाबरलेली शांत मांजरही ओरबाडते. शिवाय काही मुलांना केसांचा त्रास होतो. त्याऐवजी प्राण्याची वस्तू न्या. गायीच्या गळ्यातली घंटा, झिजलेलं दावं, कुत्र्याने चावून चावून चिंध्या केलेली चप्पल. चप्पल हातात असली की मुलाला बोलायला सांगावं लागत नाही.

घरी प्राणीच नसेल तर खोटं "माझा" म्हणायला लावू नका. शेजारच्यांचं वासरू आहे, मासळीबाजारात कोळणीच्या टोपलीशेजारी बसणारी मांजर आहे. "ती माझी नाही, पण मी तिला रोज बघतो" असं मुलाने सांगितलं तर काही बिघडत नाही. फक्त रस्त्यावरच्या कुत्र्याला त्यासाठी कुरवाळायला पाठवू नका. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, रेबीजची लस टाळायची नाही.

पिंजऱ्यातल्या पोपटाबद्दलही विचारणा होते. कोकणातल्या जुन्या घरांच्या पडवीत पोपट असायचाच, त्यामुळे आजीला त्यात काही वावगं वाटत नाही. पण आपले देशी पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, ते पाळता येत नाहीत. पाठीवर चांदण्या असलेलं कासवही नाही. मुलाला पोपटच हवा असेल तर माडाच्या ढोलीत ये-जा करणारा दाखवा, त्याच्यावर बोलू दे.

आणि एक अवघड प्रश्न. गेल्या पावसात एकीने विचारलं, "आमचा कुत्रा गेला. पोरगा त्याच्यावरच बोलायचं म्हणतोय. बोलू देऊ का? वर्गात रडला तर?" बोलू द्या. रडला तर रडला. त्याच्याकडे पट्टा आहे, फोटो आहे, तो कुठे पुरलाय तेही त्याला माहीत आहे. "आता तो नाही" हे वाक्य त्याला सगळ्यांसमोर म्हणायचं असेल तर आपण कोण अडवणार? वर्गाच्या बाईंना आधी कल्पना देऊन ठेवा, बस्स.

बोलण्याच्या सरावाला फार वेळ घालवू नका. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवा, सुधारू नका. मालवणीत बोललं तर मालवणीत लिहा. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर त्यातलीच तीन-चार वाक्यं इंग्रजीत करून घ्या, पण ती त्याच्या वाक्यांची असू देत, पुस्तकातली नको. आजीला पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसवा आणि तिला ऐकू जाईल असं बोलायला सांगा. आवाजाचा सराव तेवढ्यात होतो. मग आजीलाच प्रश्न विचारायला लावा. "चावतो काय रे?" हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतोच, त्याचं उत्तर तयार हवं.

वर्गात एखादं मूल असं काही विचारतं की आपल्यालाही येत नाही. त्या पुठ्ठ्याच्या शेळीवालीला कुणीतरी विचारलं, "तिका वरचे दात किती?" तिने मोजले नव्हते. दुपारी दप्तर न टाकताच ती गोठ्यात गेली, वडिलांनी शेळीचं तोंड धरलं, आणि वर पुढे एकही दात नाही, नुसती घट्ट हिरडी! दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधीच तिने त्या मुलाला गाठून सांगितलं.