मार्गे घातल्याशिवाय निघायचं नाही : स्कॉटलंड, नॅव्हिगेटर आणि अण्णा

साताऱ्याहून महाबळेश्वरला जायला दोन वाटा. एक वाई, पसरणी घाट, पाचगणी करत जाते, दुसरी मेढ्यावरून केळघर घाटाने चढते. गाव तेच, पण एसटीच्या पाटीवर ‘वाई मार्गे’ की ‘मेढा मार्गे’ हे वाचल्याशिवाय जाणता माणूस पायरीवर पाय ठेवत नाही. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी नोकरी असल्या गाड्या चालवण्यात गेली. स्कॉटलंडला भाड्याची गाडी घेऊन फिरायचं ठरलं आणि मी फोनवर एडिंबरा ते स्काय बेट असा रस्ता काढून त्यांच्यापुढे धरला, तेव्हा किती तास, किती मैल हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, “मार्गे कुठनं?”

मग आम्ही ती निळी रेघ बोटाने मोठी करून पाहिली. फोर्ट विल्यमपर्यंत ठीक होती. तिथून ती पश्चिमेला मॅलेगकडे वळली आणि मॅलेगनंतर समुद्रातून ठिपक्याठिपक्यांनी आर्माडेलला निघाली. म्हणजे फेरी. उन्हाळ्यात त्या फेरीवर गाडी चढवायची तर जागा आधी धरून ठेवावी लागते. नाहीतर दुसरी वाट इन्व्हरगॅरीवरून ए ८७ रस्त्याने, आयलन डोननचा किल्ला बघत काईल ऑफ लोखॅल्शला जाते आणि तिथून पुलावरून थेट बेटावर उतरते. हा पूल १९९५ साली झाला, आणि २००४च्या शेवटी त्यावरचा टोलही गेला. फोनने फेरीची वाट दिली कारण तिथे अंतर कमी. आम्हाला किल्लाही बघायचा होता आणि आईला बोटीत मळमळतं. अण्णा म्हणाले, “मग इन्व्हरगॅरी घाल मधी.” मी थांबा म्हणून इन्व्हरगॅरी घातलं आणि रेघ निमूट पुलावरून गेली.

परदेशात गाडी चालवणाऱ्या माझ्यासारख्या मंडळींना मला पहिली गोष्ट हीच सांगायची आहे. एकच मुक्कामाचं ठिकाण टाकून निघू नका. आदल्या रात्री बसून पुढच्या दिवसाचे टप्पे पाडा, मधली गावं स्वतः घाला, आणि त्या गावांची व रस्त्यांची नावं कागदावर उतरवून ठेवा. यंत्र सगळ्यात जवळचा किंवा सगळ्यात लवकर पोचवणारा रस्ता शोधतं. तुमच्या गाडीत कोण बसलंय आणि तुम्हाला काय बघायचंय, हे तुम्हीच सांगायचं.

“तिकडं डोंगरात रेंज नसली तर?” हा अण्णांचा पुढचा प्रश्न, आणि तो बऱ्याच जणांचा असतो. जागा ओळखायला इंटरनेट लागत नाही. जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत आपली वेळ आणि आपली जागा सांगत फिरत असतात. फोन फक्त ऐकतो. चार उपग्रहांकडून आलेल्या वेळांतला फरक मोजून तो आपण कुठे आहोत ते काढतो. हा सगळा हिशेब घड्याळाचा आहे. सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरचा घोळ होतो. वेग आणि उंचीवरचं कमी गुरुत्वाकर्षण या दोन्हींचा मिळून परिणाम असा की उपग्रहातलं अणुघड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, म्हणून त्याची दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते. आइन्स्टाइनचं गणित आपल्या डॅशबोर्डवर रोज चालू असतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आताचे फोन युरोपच्या गॅलिलिओ या यंत्रणेचे उपग्रहही ऐकतात. आपली नाविक ही उपग्रह यंत्रणा मात्र भारत आणि भोवतालच्या सुमारे १,५०० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आहे, स्कॉटलंडमध्ये तिचा उपयोग नाही.

इंटरनेट लागतं ते नकाशा आणि वाहतुकीची ताजी खबर आणायला. म्हणून नकाशा घरीच वायफायवर उतरवून घ्यायचा. आम्ही तसा घेतला, आणि अण्णांच्या हट्टामुळे आधी इथेच तालीम केली. फोनचा डेटा बंद करून यवतेश्वरचा घाट चढलो, कासवरून बामणोलीपर्यंत गेलो. रेंज गेली तरी बाण रस्त्यावरून सरकत राहिला. परत येताना पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, शिरलो तेव्हा आकाशच झाकलं गेलं, आणि बाण थोडा वेळ वरच्या रस्त्यावर घुटमळला. हे आपल्या गावात, ओळखीच्या रस्त्यावर पाहिलेलं फार बरं. परक्या मुलखात बाण अडला की मग धाबं दणाणत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पाहुण्याला आपल्या देशाच्या चालू लायसनवर ब्रिटनमध्ये बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. तरी मी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला, गाडी भाड्याने देणारे तो मागू शकतात. फोन काचेवर किंवा डॅशबोर्डवर पक्क्या स्टँडमध्येच हवा, आणि समोरचं दिसणं अडता कामा नये. चालवताना फोन हातात धरला तर २०० पौंड दंड आहे. २०२२ पासून तर हातात धरून नुसता फोटो काढणंही त्यात बसतं. आमच्या गाडीत फोन अण्णांच्या ताब्यात. स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे असल्याने ते डावीकडच्या सीटवर, आई मागे.

एडिंबरा विमानतळावरून बाहेर पडल्या पडल्या राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, लागतात. तिथे यंत्र म्हणतं, तिसऱ्या एक्झिटने बाहेर पडा. मोजताना गोंधळ होतो, कारण पेट्रोलपंपाची वाट धरायची की नाही हे कळत नाही. अण्णांनी मोजणं सोडून दिलं आणि रस्त्याचा क्रमांक धरला. “ए ८२ बघ. पाटीवर ए ८२ दिसला की तिकडं.” हे फार कामाला आलं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बऱ्याच गावांची नावं गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतली. यंत्रातली बाई ती कशीही उच्चारते आणि पाटीवरचं स्पेलिंग तिसरंच असतं. क्रमांक मात्र पाटीवर आणि पडद्यावर एकच. एक्झिट चुकला तरी घाबरायचं कारण नसतं, सरळ आणखी एक फेरी मारायची.

अंतराचं माप मैलच ठेवा. सवयीने किलोमीटर करावंसं वाटतं, पण पाट्या मैलांत, गाडीचा काटाही मैलांत. पडद्यावर तिसरंच काही दिसलं तर डोक्यात सारखे हिशेब सुरू राहतात. आणि वेगमर्यादा पडद्यावरची न मानता रस्त्यावरच्या गोल पाटीवरची मानायची.

ग्लेन्कोच्या दरीत शिरताना दोन्ही बाजूंचे डोंगर अंगावर येतात. आईने तिथे कितीतरी वेळ नुसतं वर बघत हात जोडले होते. फोनवर नेटवर्कची एक काडी नव्हती, बाण मात्र रस्त्यावर बरोबर चालला होता.

खरी परीक्षा स्कायसमोरच्या किनाऱ्यावरच्या ॲपलक्रॉस गावाच्या घाटात होती. बेलाख ना बा त्याचं नाव. समुद्रकाठापासून ६२६ मीटरपर्यंत चढणारा एकपदरी रस्ता. टॉर्नाप्रेसला फाट्यावर भली मोठी पाटी आहे : उंची २,०५३ फूट, चढ पाचास एक (पाच फूट पुढे गेलं की एक फूट वर), हेअरपिन वळणं, हिवाळी हवेत रस्ता बहुधा बंद. नवशिक्यांनी, खूप मोठ्या गाड्यांनी आणि कॅरव्हॅननी (गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरांनी) पहिल्या मैलापुढे न जाण्याचा सल्लाही तिथेच लिहिलाय. अण्णांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, खाली उतरून ती पाटी वरून खालपर्यंत वाचायला लावली, मग वर ढगांकडे पाहिलं. फोनवर तीच रेघ, तोच निळा रंग, जो हमरस्त्याला असतो. चढ किती, कठडा आहे का, समोरून आलेल्या गाडीला कुठे जागा द्यायची, यातलं काही त्या रेघेत नाही. आकाश मोकळं होतं, वाहतूक सुरू व्हायची होती. “चल,” म्हणाले, “पण उतरताना इकडनं नाही.” परतीसाठी त्यांनी शील्डेग मार्गे घातलं, किनाऱ्याने जाणारी लांबची वाट.

त्या चढावर यंत्र कित्येक मैल गप्प असतं, कारण फाटाच नाही. पण पडद्यावरचा नकाशा मोठा करून ठेवला की पुढच्या वळणाचा आकार आधी दिसतो, आणि अण्णा तो वाचून मला सांगत होते. “आता उजवं, बारीक आहे. त्याच्या पुढं लगेच डावं. वर गाडी दिसतीय, तू इथंच थांब.” एकपदरी रस्त्यावर ठरावीक अंतराने रस्ता थोडा फुगवून जागा केलेल्या असतात, तिथे ‘पासिंग प्लेस’ची पाटी असते. जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तीत शिरायचं, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं. चढणाऱ्या गाडीला जमेल तिथे आधी वाट द्यायची, हा नियम ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक नियमांच्या पुस्तकातही आहे. अण्णांनी तो केळघरात जन्मभर पाळला. एक कॅम्परव्हॅन वरून उतरत होती, ती आम्हाला बघून बरीच मागे सरकली. अण्णांनी खिडकीतून हात वर केला, त्या चालकानेही केला. मला तेव्हा फार भरून आलं. इतकी वर्षं त्यांनी लोकांना घाट चढवून नेलं, आणि त्या दिवशी माझ्या शेजारी बसून ते तोच घाट माझ्याकडून चढवून घेत होते.

माथ्यावरून पश्चिमेला स्कायचे कुलिन डोंगर दिसतात. आम्ही तिथे चहा घेतला.

मुक्कामाचं ठिकाण शोधण्याबद्दल एक महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये पत्ता म्हणून पोस्टकोड टाकतात आणि शहरात तो अचूक चालतो, कारण एका कोडात सरासरी पंधराएक घरं असतात. डोंगराळ भागात तीच घरं मैलोन् मैल विखुरलेली. कोड टाकला की यंत्र कुठल्यातरी मधल्याच जागी नेऊन सोडतं. स्कायवरच्या घरमालकीणबाईंना मी साताऱ्याहूनच पत्र लिहून अक्षांश-रेखांश मागून घेतले होते. दशांशानंतर पाच आकडे मिळाले तर जागा साधारण मीटरभरात सापडते. त्यात रेखांशाआधीची उणे खूण नीट बघा. आपण ग्रिनिचच्या पूर्वेला, सातारा ७४ अंशांवर, त्यामुळे उणे लिहायची सवयच आपल्याला नाही. स्काय पश्चिमेला उणे सहा अंशांच्या आसपास आहे. ती आडवी रेघ गळली तर तोच आकडा नॉर्वेच्या खाली, उत्तर समुद्रात पडतो.

परतीला इन्व्हर्नेस, पर्थ करत एडिंबराकडे आलो. मावसभाऊ पूर्वी तिकडे राहायचा, त्याचा जुना नॅव्हिगेटर फोन बंद पडला तर असावा म्हणून आणला होता, तो त्या दिवशी मुद्दाम लावून ठेवला. फोर्थच्या खाडीवरचा क्वीन्सफेरी क्रॉसिंग हा पूल २०१७ साली खुला झाला, यंत्रातला नकाशा त्याच्या आधीचा. आम्ही पांढऱ्या केबलांच्या मधून झकास रस्त्याने चाललो होतो आणि पडद्यावर आमचा बाण जुन्या पुलाच्या शेजारून निळ्या पाण्यात चालला होता. यंत्रातली बाई सारखी रस्त्यावर परत या म्हणून सांगत होती. आई घाबरली. अण्णांनी तिला फार छान समजावलं : “आपण कुठं आहोत हे त्याला बरोबर कळलंय. हितं पूल झालाय हे त्याला कुणी सांगितलं नाही.” उपग्रह अचूक जागा देतात. त्या जागेवर काय आहे हे नकाशा करणाऱ्याने भरलेलं असतं, आणि ते जुनं असू शकतं. निघण्याआधी नकाशा ताजा करून घ्यायचा तो यासाठी.

गाडी परत देताना शेवटचं एक काम असतं, ते बहुतेक जण विसरतात. गाडीच्या पडद्याला फोन जोडलेला असतो, त्यामुळे नंबर, कधी कधी संपर्कांची यादी, गेलेल्या जागा तिथे साठून राहतात. आम्हाला मिळालेल्या गाडीतही आधीच्या कुणाचे तरी पत्ते तसेच होते. सेटिंगमध्ये जाऊन जोडलेला फोन काढून टाका, जुने पत्ते पुसा, आणि मगच किल्ली द्या. आमच्या गाडीत हे काम अण्णांनी केलं. आधीच्या पाहुण्यांचे पत्तेही त्यांनी पुसून टाकले.