कार्डानं असं काय होतं?

मी कचरावेचक बायांच्या शिबिरात फॉर्म भरून देतो, त्यामुळे हा प्रश्न हटकून येतो: 'कचरा त्या आधीही वेचतच होत्या. गळ्यात ओळखपत्र आलं म्हणून काय बदललं?'

सगळ्यात आधी पोलिसांचं बोलणं बदललं. पोत्यात तांब्याची तार नाहीतर नळाची तोटी दिसली, की 'कुठून उचललीस?' ठरलेलं. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव पाठीशी होते. पुढे काही वर्षांत महापालिकेनं मान्य केलेली ओळखपत्रं मिळाली. कार्ड दाखवलं की निदान चोर ठरण्याआधी बोलायची संधी मिळते.

पण खरं सांगू? मोठी गोष्ट कार्ड नव्हे, 2008 चा करार. 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था, आणि पालिकेनं तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. कुंडीत उतरून वेचणारी बाई दारावर आली. घरटी महिन्याचे पैसे तिचे, सुका माल विकून येणारे पैसेही तिचेच. म्हणजे कचऱ्यावरचा तिचा हक्क कागदावर आला. माल वेचून निघाल्यामुळे पालिकेच्या गाड्यांची फेरी वाचते ती वेगळीच.

आमच्या जिन्याखाली ताई पुठ्ठा पायानं चपटा करतात, दुधाच्या पिशव्या वेगळ्या बांधतात. वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच त्यांचं मागणं, म्हणजे पुडी उघडून बघावी लागत नाही. अजून निम्म्या घरांना ते जमत नाही, शिकली-सवरलेली माणसं!

फॉर्ममध्ये 'व्यवसाय' असा रकाना असतो. तिथं पूर्वी 'मजुरी' लिहून वेळ मारून न्यायचो. आता 'कचरावेचक' लिहितो आणि कार्डाची झेरॉक्स जोडतो. पोरांच्या शिष्यवृत्तीला आईच्या कामाचा दाखला लागतो, तिथं ही झेरॉक्स उपयोगी पडते.

यानं सगळं सुटलं असं मात्र समजू नका. पगार नाही, फंड नाही, भंगारचा भाव पडला की कमाई पडते. 2016 च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं स्पष्ट लिहिलं गेलं, तरी कराराची मुदत संपत आली की मोठ्या ठेकेदाराची चर्चा सुरू होते. मग बाया पुन्हा पालिकेच्या दारात, कार्ड गळ्यात घालूनच.