आत्यानं चाचपलेला स्तंभ

आत्याच्या डोळ्यांची तपासणी दुपारीच आटोपली. गावाकडची एसटी पाचची. छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकात उकडत बसण्यापेक्षा जवळच्या सिद्धार्थ उद्यानात गेलो.

डोळ्यांत औषध घातल्यामुळं आत्याला सगळं धूसर दिसत होतं. बुद्धमूर्तीपाशी मी थांबलो, तशी तिनं चपला काढल्या. गुडघे वाकत नाहीत, म्हणून काठीवर भार टाकून उभ्यानंच हात जोडले. मला औरंगाबाद लेणीतलं तिसरं लेणं आठवलं. तिथं गाभाऱ्यातला बुद्ध पाय खाली सोडून बसलाय आणि त्याच्यापुढं माणसाएवढी माणसं गुडघे टेकून, हात जोडून बसलेली कोरलीत. बायाही, पुरुषही. देवांच्या मूर्ती पुष्कळ पाहिल्या. नमस्कार करणाऱ्यांचं इतकं मोल करणारा शिल्पकार मी दुसरा पाहिला नाही. लेणी बघायला जाल तर तिथं घाई करू नका.

पुढं मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा हुतात्मा स्तंभ. दरवर्षी १७ सप्टेंबरला इथंच झेंडावंदन होतं. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, आपण मात्र आणखी तेरा महिने निजामाच्या राज्यात होतो. आत्यानं दगडावरून हात फिरवला, पार जिथवर पोचला तिथवर.

"ह्याला तोंड कामून नाही रे?"

"सगळ्यांचाच आहे आत्या हा. जे जे गेले त्यांचा."

ती चौथऱ्याच्या कडेला टेकली आणि सांगू लागली. ती पाच वर्षांची होती. आजोबा रातोरात निजामाशी लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले. आजीनं पाटल्या ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरल्या. पोलीस ॲक्शन होऊन, म्हणजे भारताची फौज येऊन निजामाचं राज्य संपल्यावर आजोबा आले, पण त्यांच्यासंगं गेलेला आळीतला पोरगा आला नाही. त्याची आई कितीतरी दिवस वेशीपाशी जाऊन बसायची.

"फोटो बी नव्हता त्याचा," आत्या म्हणाली. "पुतळा करायचा म्हटलं तर कुणाला विचारतील?"

आजोबांच्या कॅम्पाच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकतोय. ह्या पोराचा त्यांत कधी उल्लेखच नव्हता.

एसटीत खिडकीशी बसल्यावर मी त्याचं नाव विचारलं. आत्यानं नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं सांगितलं. मी ते तिकिटाच्या पाठीमागं लिहून घेतलं.