लिंबायतची गल्ली आणि आखाजीचा मेळावा

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतेच्या लिंबायत भागातील एक अख्खी गल्ली मुक्कामाला येते. त्या गल्लीत आमच्या आणि आजूबाजूच्या गावांची इतकी घरे आहेत, की इकडे कोणाची सोयरीक मोडली तर तिची चर्चा आधी तिकडे रंगते. या मंडळींनी स्थापन केलेले मंडळ अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी गावातील शाळेच्या पटांगणावर मेळावा भरवते. माझे बालपण त्या गल्लीत गेले आणि नोकरी इकडे झाली, त्यामुळे या मेळाव्यात मी पाहुणा म्हणूनही बसलो आहे आणि यजमान म्हणूनही वावरलो आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की आमच्या गावाचे गावपण निम्मे तरी सुरतेने सांभाळले.

खानदेशातून सुरतेला जाण्याची वाट तशी जुनीच आहे. तापी खोऱ्यातून जाणारा रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार ही गावे सुरतेला थेट जोडली गेली. तरी लोक घरदार उचलून निघाले ते पुढे, १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू शेतीचा कणा मोडल्यावर. त्यानंतर अमळनेरची प्रताप मिल आणि जळगावची खानदेश मिल यांचे भोंगेही थांबले, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी कापूस पिकवला, त्याचे सूत काढले, ती माणसे उधना, लिंबायत, पांडेसरा येथील यंत्रमागांवर कृत्रिम धाग्याचे कापड विणू लागली. या वाटेवरच्या नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. लहानपणी तेथे गाडी थांबली, की आम्ही मुले फलाटावर उतरून एक पाय या राज्यात आणि एक पाय त्या राज्यात ठेवत असू. मोठ्यांना त्याचे काहीच कौतुक नसे. त्यांच्या दृष्टीने नवापूर आले म्हणजे खाली ठेवलेल्या पिशव्या सांभाळण्याची वेळ आली, एवढेच.

सुरुवातीला बहुतेक पुरुष एकटेच गेले. बारा-बारा तासांच्या पाळ्या असल्याने एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे कारीगर आळीपाळीने झोपत. बायका-मुले मागाहून गेली आणि मग त्या खोल्यांचे घर झाले. पापड-बिबडे वाळवायला पत्र्याचे छप्पर होते. कळण्याच्या भाकरीचे पीठ गावाकडून येई. घरात अहिराणी, शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी आणि भाजीवालीशी गुजराती असा आमचा दिवस चार भाषांतून जाई, आणि त्यात काही विशेष आहे असे कोणालाही वाटत नसे.

कानबाईचे मात्र सुरतेत रूपच पालटले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी ही देवी मूळची भाऊबंदकीची. घरातील पुरुषमाणसे मोजून सव्वा-सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याचे रोट करायचे, नारळाला देवीचे रूप देऊन दागदागिने घालायचे, रात्रभर गाणी म्हणत जागरण करायचे आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन करायचे, हा सगळा विधी घराच्या उंबऱ्याआडचा होता. लिंबायतच्या दहा बाय दहाच्या खोलीत भाऊबंदकी मावणार कशी? म्हणून आमच्या गल्लीत कानबाई खोलीबाहेर आली, तिच्यासाठी मांडव पडला आणि ज्यांच्या घरात कानबाई नव्हती तेही जागरणाला बसू लागले. पुढे मंडळ उभे राहिले ते या मांडवाच्या वर्गणीतून. जुन्या बायकांना हे रुचले नव्हते. आमची जिजी तर कित्येक वर्षे ‘देवी रस्त्यावर आणली’ म्हणून कुरकुरत असे. पण सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत फुगडी धरायला तीच पुढे असे. विसर्जन तापीतच होई. आपल्याकडून वाहत आलेल्या पाण्यातच देवी जाते, याचे जिजीला मोठे समाधान होते.

सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू या माध्यमांच्याही प्राथमिक शाळा चालवते. आमची शाळा अशाच मराठी माध्यमाच्या शाळांपैकी एक. तिच्या स्नेहसंमेलनात बाल शिरीषकुमारचा प्रसंग जवळपास दर वर्षी ठरलेला असे. नंदुरबारच्या या शाळकरी मुलाने ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीत हाती तिरंगा घेऊन पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. त्याच्याबरोबर आणखी चार मुले हुतात्मा झाली. शिरीषकुमारचे घर गुजराती, त्यामुळे त्या मिरवणुकीची घोषणाही ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनुं’ अशी गुजरातीत होती. खानदेशातला गुजराती मुलगा आणि गुजरातेत त्याचे सोंग घेणारी आम्ही खानदेशी मुले, हा योग आमच्या गुरुजींनी जाणूनबुजून साधला होता की नाही, हे त्यांनी कधी सांगितले नाही. एवढे मात्र आठवते, की समोर बसलेले शेजारचे गुजराती पालक त्या घोषणेला टाळ्या वाजवत आणि आमच्या आया पदराने डोळे पुशीत.

आखाजीच्या मेळाव्याला असे शिस्तीचे वळण कधीच नव्हते. वेळ सकाळी दहाची छापलेली असे आणि उन्हे तापल्यावर, बारा वाजता, दीपप्रज्वलन होई. त्याआधी वर्गणीदारांची यादी वाचली जाई आणि एखाद्याचे नाव राहिले, की तो उठून बाहेर जाई. मग त्याला समजावून आणायला दोन नाना आणि एक आप्पा धावत. दहावी-बारावीच्या मुलांना दप्तर आणि पेन मिळे, वधू-वरांची ओळख होई, भाषणे लांबत. भाषण मराठीत सुरू होई, हिशेबाशी आले की गुजरातीकडे झुके आणि संतापले की अहिराणीत उतरे. खरा मेळावा पंगतीचा. चुलाणावर वरण उकळत असे, बट्ट्या तुपात बुडत, वांग्याची घोटलेली भाजी पहिल्याच पंगतीत संपे. त्याच वेळी गावातल्या गल्लीत माहेरवाशिणी निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यांवर गौराईची गाणी म्हणत. लिंबायतच्या मुली त्यात बिचकत शिरत. एका वर्षी तेथे जन्मलेल्या एका मुलीला कोणीतरी तिचे गाव विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मी सुरतनी शे, पण मनं गाव आठेच शे.” म्हणजे, मी सुरतची आहे, पण माझं गाव इथेच आहे.

हे सगळे नेहमीच गोडीगुलाबीचे होते असे मात्र नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आल्यावर लाखो माणसांनी शहर सोडले आणि आमची गल्लीही मिळेल त्या गाडीने गावी आली. काही घरांनी आप्तांना ओसरीच्या आत घेतले नाही. भीती समजण्यासारखी होती, पण ओसरीवर बसलेल्या माणसाला ती समजून घेणे जड गेले. पुढच्या आखाजीला कोणत्याही भाषणात त्याचा उल्लेख झाला नाही. फक्त पंगतीत लिंबायतकर एका बाजूला आणि गावकरी दुसऱ्या बाजूला बसले. पंगती पुन्हा मिसळायला काही वर्षे जावी लागली. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने सुरतेचा मोठा भाग बुडाला, तेव्हा मात्र गावातून पीठ-डाळ घेऊन निघालेल्या टेम्पोत त्याच ओसरीवाल्या घरांची पोती सर्वांत आधी चढली.

आता तिसरी पिढी हाताशी आली आहे. लूमवर जाणारे थोडे राहिले. मुले साडीच्या बाजारात, कुरिअरच्या कचेऱ्यांत आणि स्वतःच्या दुकानांत आहेत. नातवंडे इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात आणि मराठी वाचताना अडखळतात. शिरीषकुमारचा प्रसंग बसवायला आमच्या जुन्या शाळेत आता पूर्वीइतकी मुले मिळत नाहीत. कानबाई मात्र जोरात आहे. तिकडे तिच्या मिरवणुका दर वर्षी मोठ्या होत आहेत, तर इकडे आमच्या गावात अनेक घरांत रोट होतात पण जागरण होत नाही. गेल्या दोन आखाजींपासून मंडळात वाद सुरू आहे, की मे महिन्याच्या उन्हात मुलांना गावी आणण्यापेक्षा मेळावा सुरतेतच एखाद्या सभागृहात घ्यावा. तरुणांचे म्हणणे रास्त आहे. पंगतीसाठी पाण्याचा टँकरही आता विकत आणावा लागतो. तरी मी विरोधात हात वर केला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या, आयुष्यभर लूमवर काम केलेल्या तात्यांनीही केला. त्यांचे कारण माझ्याहून सरळ होते. सभागृहात वरण-बट्टी चुलाणावर करू देत नाहीत, अशी चौकशी ते आधीच करून आले होते.