माठ वाजवून घ्यावा तशी बोट

नागपुरात राहून शिडाची बोट घेतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, फुटाळा तलावात टाकणार का? नाही हो. बोट मुंबईत आहे, मी झिरो माइलपासून दहा मिनिटांवर राहतो, आणि मधे रेल्वेने ८३७ किलोमीटर आहेत, सगळी भानगड तिथेच आहे.

खूळ तसं जुनं. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होतो, अंबाझरी तलावावर निळ्या शिडांची एंटरप्राइज चालवायचो, दोघांची छोटी बोट, काही तुटलं तर ओढत काठावर आणायची आणि सरांची बोलणी खायची, झालं मेंटेनन्स. तेव्हाचा माझा पार्टनर आता डोंबिवलीत असतो. त्याचा एप्रिलच्या शेवटी फोन, "भाऊ, एक काका १९८४ ची २६ फुटी फायबरची बोट विकून राहिले, सेकंडहँड वॅगनआरच्या भावात, अर्धी अर्धी घेऊ, का म्हणतो?" का म्हणणार, रात्रीची दुरांतो पकडली.

काका थर्मासमधून चहा ओतत होते तोवर मी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून डेक वाजवायला लागलो. उन्हाळा लागला की आई माठ घेते ना, बोटाच्या पेराने सगळीकडून वाजवून, अगदी तसंच. जुन्या फायबर बोटींचा डेक बरेचदा सँडविच असतो, वर-खाली फायबर आणि मधे बाल्साचं लाकूड, आणि एखाद्या ढिल्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपत राहिलं की ते आतल्या आत कुजतं, वरून डेक पांढराशुभ्रच. टक टक आवाज आला तर ठीक, थप थप आला की समजायचं. बहुतेक जागी टक टक होतं. फक्त डाव्या बाजूला, डोलकाठीच्या तारा ज्या स्टीलच्या पट्टीला बांधतात ती पट्टी डेकमधून खाली जाते तिथे, वीतभर थप थप.

मग खाली केबिनमध्ये गेलो. ती पट्टी, म्हणजे चेनप्लेट, आत एका प्लायवूडच्या भिंतीला बोल्टने कसलेली, आणि तिच्याखाली चहा सांडल्यासारखा तपकिरी ओघळ. स्टेनलेस स्टील आहे हो, गंजत नाही, असं काका म्हणाले. गंजतं पण. त्याच्यावरचा जो पातळ थर त्याला वाचवतो तो टिकायला हवा लागते, आणि ओल्या लाकडात दाबून ठेवलेल्या पट्टीला हवा कुठून मिळणार, म्हणून बाहेरून चकाचक आणि मधेच खाल्लेलं असं होतं. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक प्लायला हळूच टेकवलं तर ते तर्रीत बुडालेल्या शेवेत जावं तसं आत गेलं आणि एक तुकडा हातात आला. काका चहा प्यायला लागले. त्यांना माहीत होतं असं मला वाटतं, पण माणूस वाईट नाही.

बाकी गोष्टी जुन्या बोटीत असतातच. तारा कधी बदलल्या ते काकांना आठवेना, दहा-पंधरा वर्षांत बदलाव्यात म्हणतात, सो त्या नव्याच धरल्या हिशोबात. तारेवरून कापसाचा बोळा फिरवला, दोन ठिकाणी अडकला, म्हणजे एखादा बारीक तंतू तुटलेला. शिडं मऊ पडलीत पण एक-दोन सीझन निघतील. इंजिन एका सिलिंडरचं डिझेल, सुरू झालं पण इंजिन थंड ठेवणारं पाणी मागून उशिरा पडलं. आपल्याकडे आठ महिने माळ्यावर पडलेला कूलर मार्चमध्ये लावला की पंप नुसता घूंऽऽ करतो, तसंच इथे, पंपातला रबरी इम्पेलर न फिरता पडून राहिला की त्याची पाती वाकून तशीच बसतात. किरकोळ खर्च.

म्हणजे प्रत्येक गोष्ट दुरुस्त होते, पैसे घातले की. मला घोर लागलाय तो दुसराच. डेकमधून पाणी गळायला लागलं, तळाशी साचलेलं पाणी उपसणारा बिल्जचा पंप बॅटरी संपून बंद पडला, तर ते नागपुरात मला कोण सांगणार? समृद्धीने निघालो तरी नुसत्या समृद्धीचेच ७०१ किलोमीटर. पार्टनर म्हणतो मी बघीन ना. तो डोंबिवलीहून रविवारी घराबाहेर पडत नाही बे, मी ओळखतो त्याला.

आणि एक गंमत, काकांना विकायची घाई मे महिन्यातच काऊन? कारण पावसाळ्याआधी बोट पाण्यातून वर काढावी लागते, क्रेन, जागेचं भाडं, बूड घासून शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून नवा अँटीफाउलिंग रंग, ते बिल येणार असतं. आणि मला तर बोट वर काढल्याशिवाय बूड दिसणारच नाही, फायबरला पाण्याने फोड आलेत का, कीलच्या, म्हणजे बुडाखालच्या जड पात्याच्या, सांध्यात भेग आहे का, सगळं तिथेच कळतं. (बायको म्हणाली तलावात ठेवली तर फोड येणार नाहीत ना? उलट गोड्या पाण्यात ते जास्त येतात!)

शेवटी काकांना फोन करून म्हटलं, वर काढायचा अर्धा खर्च आम्ही देतो, बोट तपासणारा सर्व्हेअर आम्ही आणतो, बूड बघितल्यावर भावाचं बोलू, आणि नाही जमलं तर आमचे अर्धे पैसे गेले. काका थोडं थांबले, म्हणाले, "ती डावी भिंत वजा करूनच सांगा." म्हणजे माहीत होतंच.

तो प्लायचा तुकडा मी खिशात घालून घरी आणला होता. गॅलरीत ठेवला, आपलं मे महिन्याचं ऊन, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळला, आणि कडेने मिठाची पांढरी रेघ उमटली.